उद्या येतोस न्हवं? : ऑनलाइन कामातले स्वयंसेवक टिकवायचे कसे

शनिवारी कोल्हापुरातल्या कॉलेजच्या संगणक कक्षात कार्यशाळा होते. तीसेक जण येतात, मराठी विकिपीडियावर खातं काढतात, दोन ओळी लिहितात, चहा-वडा होतो, सगळ्यांचा एकत्र फोटो निघतो. सोमवारी त्यातले दोन-चार जण काहीतरी करतात आणि पुढच्या सोमवारी सगळं सामसूम. मग संयोजक म्हणतात, आजकालच्या पोरांना चिकाटीच नाही. पण हीच पोरं पहाटे पाचला उठून तालमीत जोर मारायला जातात. तालमीत वस्ताद निघताना विचारतो, "उद्या येतोस न्हवं?" ऑनलाइन कामात हे विचारायला कोणीच नसतं.

हा प्रश्न वेळेवर आणि प्रत्येकाला विचारला जाईल अशी सोय कशी करायची, ते इथे सांगितलं आहे. उदाहरणं तीन कामांची घेतली आहेत: मराठी विकिपीडियावरचं लेखन, विकिमीडिया कॉमन्स या खुल्या फोटोभांडारातले फोटो आणि ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून काढलेल्या खुल्या नकाशाचं काम. तिन्ही कामं फुकटची, घरबसल्या किंवा गल्लीत फिरून होणारी, आणि तिन्हींत माणसं गळतात ती एकाच ठिकाणी. ते ठिकाण म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या कामामधली रिकामी जागा.

कशासाठी आलाय, ते आधी विचारा

गिल क्लेरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली स्वयंसेवकांच्या प्रेरणांचे सहा गट मांडले: मूल्यं, शिकण्याची ओढ, चार माणसांची सोबत, नोकरीधंद्यात उपयोग, मनावरचा ताण हलका करणं आणि स्वतःबद्दल बरं वाटणं. यात कामाचा मुद्दा असा की माणूस ज्यासाठी आला तेच त्याला मिळालं, तर तो पुढे टिकायला तयार असतो. सगळ्यांना एकच भाषण ऐकवून हे होत नाही. "मराठीसाठी आपण काहीतरी केलं पाहिजे" या वाक्याला मान सगळेच डोलावतात. पण २००७ साली ओडेड नोव्ह यांनी विकिपीडियाच्या संपादकांची पाहणी छापली, तीत तत्त्वाला लोकांनी भरभरून गुण दिले, तरी त्याचा आणि प्रत्यक्ष किती वेळ काम होतं याचा संबंध सैल निघाला. सगळ्यात वर होती ती कामातली मजा.

म्हणून नाव नोंदवतानाच तीन गोष्टी विचारा. आठवड्यात खरोखर किती मिनिटं मिळतील? (तास विचारू नका, लोक फुगवून सांगतात.) कोणत्या विषयावर न थांबता बोलू शकता? आणि यातून तुम्हाला काय मिळालं तर बरं वाटेल? तिसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला संकोचाचं उत्तर येतं. तेव्हा चार पर्याय पुढे ठेवा: शिकायचंय, ओळखी करायच्यात, बायोडेटात घालायचंय, आपल्या पेठेचं नाव नीट लागलेलं बघायचंय.

उत्तर ऐकून काम ठरवा. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बायोडेटासाठी काही हवं असेल, तर तिला साचे (पानांवर पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) आणि माहितीचौकटी (लेखाच्या कडेला असलेले माहितीचे तक्ते) दुरुस्त करायला द्या, आणि सहा महिन्यांनी नेमकं काय काम केलं याचं पत्र द्या. निवृत्त शिक्षकांना सोबत हवी असते. त्यांना एकट्याने करायचं काम दिलंत तर ते महिन्यात सोडून जातील, नव्यांचं शुद्धलेखन तपासायला द्या, म्हणजे रोज कोणीतरी "सर, एवढं बघता का?" म्हणून विचारत राहील. दुपारी दोन ते अडीच एवढाच वेळ असलेल्या गृहिणीला मोठा लेख देऊ नका. पेठेच्या अभिमानाने आलेल्या पोराचा विषय वेगळा आहे, तो पुढे येतो.

पहिलं काम वीस मिनिटांचं

पहिलं काम एका बैठकीत संपलं पाहिजे आणि संपल्यावर दिसलं पाहिजे. "कोल्हापूरच्या इतिहासावर लेख लिहा" हे काम नव्हे. काम असं सांगा: "रंकाळ्यावरच्या लेखात दुसऱ्या परिच्छेदाला संदर्भ नाही. एक संदर्भ शोधून लावा." किंवा "मिरजकर तिकटी ते बिंदू चौक या रस्त्यावरची दुकानं नकाशावर आहेत का बघा, नसलेली पाच घाला." नाव, जागा, आकडा आणि शेवट, या चार गोष्टी सांगितल्या की काम होतं.

मूव्हीलेन्स या चित्रपटांना गुण देण्याच्या संकेतस्थळावर २००४ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून दोन गोष्टी दिसल्या. "जमेल तेवढं करा" म्हणण्यापेक्षा नेमका आकडा दिला की लोक जास्त काम करतात. आणि "हे तुमच्याकडेच आहे, इतरांकडे नाही" हे कळलं की आणखी करतात. दुसरी गोष्ट आपल्याकडे सहज वापरता येते. आपल्या शहरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात, हे दूर कुठेतरी बसून उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा काढणाऱ्याला माहीत नसतं. तो नाव मोकळं सोडतो किंवा चौक लिहितो. गंगावेशीत राहणाऱ्या माणसाला सांगा की तुमच्या भागातल्या तिकट्यांची नावं तुम्हीच बरोबर लावू शकता. मराठी नावाचा रकाना ओपनस्ट्रीटमॅपवर वेगळा असतो, तो रिकामा दिसला की भरायला द्या. अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप टाकलं तर चालता चालता प्रश्न येतात: हा रस्ता डांबरी की काँक्रीटचा, या दुकानाची वेळ काय. उत्तर दिलं की नकाशात नोंद होते. पहिल्या दिवसासाठी याहून सोपं काम नाही. फक्त गूगल मॅपवरून नाव उतरवून इथे घालायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांगा. परवान्यात ते बसत नाही आणि नंतर सगळं काढावं लागतं.

कार्यशाळेच्या दिवशीची अडचण बहुधा तांत्रिक असते, आणि ती माणसाच्या मनात "आपल्याला जमत नाही" म्हणून बसते. विकिपीडियावर एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून) दिवसाला सहाच खाती निघतात. कॉलेजच्या वायफायवर तीस जण बसले की सातव्यापासून सगळे अडकतात. तेव्हा आदल्या दिवशी घरूनच खातं काढून यायला सांगा, किंवा ही मर्यादा त्या दिवसापुरती सैल करून मिळावी म्हणून बरंच आधी विनंती नोंदवा. ऐनवेळी मोबाईल डेटावर जाता येतं, पण काही वेळा तो पत्ताही आधीच अडवलेला निघतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. मराठी टंकलेखन: संपादनाच्या चौकटीत कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी चालू-बंद होतं. फोनवर बोलून टंकणं चालतं, पण विरामचिन्हं हाताने घालावी लागतात. हे दोन वाक्यांत सांगून मोकळे व्हा, टंकलेखनावर अर्धा तास घालवू नका.

पहिली चूक आणि तिचं उत्तर

माणसं गळण्याचं सगळ्यात मोठं कारण इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखरावर होती, नंतर घसरत गेली. या घसरणीचा अभ्यास ॲरन हॅलफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली छापला. चांगल्या हेतूने आलेल्या नव्या माणसांची संपादनं उलटवली जाण्याचं प्रमाण वाढलं होतं, आणि तेही अनेकदा यंत्राने टाकलेल्या कोरड्या संदेशासकट. ज्यांचं पहिलं काम असं पुसलं गेलं, ते परत येण्याचं प्रमाण घटलं.

मराठीत माणसं थोडी आहेत, तिथे एकेक गळणं महागात पडतं. समजा, नवा सदस्य खासबाग या कुस्तीच्या मैदानावरच्या लेखात तीन वाक्यं लिहितो, त्यातल्या एकात प्रेक्षकसंख्येचा आकडा आहे आणि त्याला संदर्भ नाही. नेहमीचं उत्तर असं येतं: "संदर्भ नाही. काढले आहे." सगळी तीन वाक्यं जातात. माणूसही जातो.

त्याऐवजी असं लिहा: "खासबागवरची आखाड्याच्या रचनेची दोन वाक्यं लेखात हवीच होती, ठेवली आहेत. प्रेक्षकांच्या आकड्याला पुस्तकाचा किंवा वर्तमानपत्राचा संदर्भ लागेल, तोवर तेवढाच आकडा बाजूला काढून चर्चा पानावर ठेवलाय. करवीर नगर वाचन मंदिरात जाणं होणार असेल तर सांगा, काय शोधायचं ते कळवतो." यात तीन गोष्टी आहेत: काय राहिलं, काय का गेलं, आणि पुढचं पाऊल. शब्द वाढले, वेळ दोन मिनिटं जास्त गेला. वयाने मोठ्यांना तुम्ही, काका, सर, मॅडम. पोराटोरांना त्यांना रुचेल तसं. आणि गप्पांच्या ग्रुपवर कोणाचीही बोली सुधारायला जाऊ नका. कोल्हापुरात मुलीही "मी आलो" म्हणतात, त्यावर व्याकरण शिकवणारा एक जण दहा जणींना गप्प करतो. लेखातली भाषा लेखात बघू.

फोटोंच्या बाबतीत तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, इंटरनेटवरून उचललेला फोटो. तो कॉमन्सवरून जाणारच. दुसरी, स्वतः काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून मित्राकडे पाठवून त्याच्या संगणकावरून चढवणं. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि कॅमेरा, तारीख वगैरे आतली माहिती पुसतं, मग तो फोटो उचललेलाच वाटतो आणि काढण्यासाठी त्यावर खूण लागते. मूळ फाइल फोनवरूनच चढवायला सांगा. तिसरी चूक फ्लेक्सची. सार्वजनिक जागी कायमचे असलेले पुतळे आणि इमारती यांचे फोटो भारतीय कायद्यात चालतात, पण फ्लेक्स, पोस्टर, भिंतीवरचं चित्र हा फोटोचा मुख्य विषय असेल तर अडचण येते. आपल्याकडे फ्लेक्स नसलेला चौक शोधायला पहाटे बाहेर पडावं लागतं, त्याला इलाज नाही.

आता तो पेठेच्या अभिमानाचा पोरगा. त्याला आपल्या तालमीवर लेख लिहायचा असतो. तालमीच्या सभासदानेच लिहिलेला, बाहेरचा संदर्भ नसलेला लेख विकिपीडियावर टिकत नाही. तो उडाला की हा पोरगा आणि त्याच्या मागचे दहा मित्र एकदम जातात, आणि जाताना सगळ्या पेठेला सांगतात. त्याला आधीच वळवा. ओपनस्ट्रीटमॅपला जागा अस्तित्वात आहे एवढंच पुरतं, उल्लेखनीयता (बाहेरच्यांनी दखल घेतलेली असणं) लागत नाही. तालीम नकाशावर नाव-गावासकट लावता येते, दारातून फोटो काढून कॉमन्सवर ठेवता येतो. लेख हवाच असेल तर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहायला सांगा आणि तालमीवर बाहेरच्यांनी छापलेलं काय आहे ते गोळा करायला लावा. वादाच्या पानांवर, म्हणजे इतिहासपुरुष, जात, चालू राजकारण, पहिले तीन महिने नव्या माणसाला पाठवूच नका. तिथे जुन्या खोडांनाही घाम फुटतो.

पहिले चौदा दिवस

पहिलं संपादन झाल्यापासून चोवीस तासांत माणसाचं उत्तर गेलं पाहिजे. पानाच्या इतिहासात धन्यवादाचं बटण असतं, ते दाबाच, पण त्यावर भागवू नका. एक ओळ लिहा, आणि त्या ओळीत त्याने काय केलं त्याचं नाव घ्या. "छान काम" हे सगळ्यांना पाठवलेलं वाटतं. "तुम्ही लावलेल्या संदर्भामुळे त्या लेखावरची सूचना काढता आली" हे त्यालाच आहे.

त्याच ओळीत दुसरं काम. हे फार जण विसरतात. आधी कौतुक, मग चार दिवसांनी काम, असं केलं की मधल्या चार दिवसांत माणूस दुसरीकडे गेलेला असतो. दुसरं काम पहिल्याच्या शेजारचं आणि किंचित मोठं ठेवा. पहिल्यांदा एक संदर्भ लावला असेल तर आता त्याच लेखातला एक परिच्छेद.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच हालचाल नसेल तर थेट निरोप पाठवा, ग्रुपवर नको. "अडलंय का कुठं?" एवढंच. सातव्या दिवशी त्याची दुसऱ्या एखाद्या सदस्याशी गाठ घालून द्या, म्हणजे धागा एकाच माणसावर लोंबकळत राहत नाही. चौदाव्या दिवसापर्यंत तिसरं काम झालं असेल तर माणूस बहुधा टिकतो. नसेल तर एकदा विचारा, आणि मग सोडा. मागे लागल्याने कोणी परत येत नाही, उलट समोर दिसला की रस्ता बदलतो.

एका जुन्या सदस्याकडे एका वेळी तीनच नवे द्या. चौथा दिला की चोवीस तासांचा नियम मोडतो. म्हणजे पाच जुने असतील तर कार्यशाळेला पंधराच जण बोलवा. तीसचा फोटो चांगला येतो, पण त्यातले पंधरा कोणाचेच नसतात.

व्हॉट्सॲपचा ग्रुप

दोन ग्रुप करा. एक कामाचा, एक कट्ट्याचा. कामाच्या ग्रुपवर फक्त तीन प्रकारचे निरोप: काम हवंय, काम झालं, काम अडलं. सुप्रभात, वाढदिवस, मिसळ कुठली भारी, हे सगळं कट्ट्यावर, आणि तिथे मनसोक्त. कट्टा बंद करू नका. सोबतीसाठी आलेली माणसं तिथेच टिकतात.

"हे मी करतो" म्हणून घेतलेलं आणि न झालेलं काम ग्रुप कुजवतं, कारण दुसरा कोणी त्याला हात लावत नाही. नियम सुरुवातीलाच लिहून ठेवा: घेतलेलं काम सात दिवसांत झालं नाही तर ते आपोआप यादीत परत येईल, कारण विचारलं जाणार नाही. शेवटचे चार शब्द महत्त्वाचे नाहीत असं वाटतं, पण जाब विचारला जाईल या भीतीनेच लोक ग्रुप सोडतात.

शाबासकी, प्रमाणपत्र, पैसे

शाबासकीचा उपयोग होतो, याला आधार आहे. २०१२ साली छापलेल्या एका प्रयोगात इंग्रजी विकिपीडियावर सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का संपादकांतून काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून गौरवाचा तारा दिला. पुढच्या नव्वद दिवसांत त्यांचं काम तारा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त झालं. जर्मन विकिपीडियावर याना गालुस यांनी नव्या सदस्यांना असाच प्रतीकात्मक सन्मान देऊन पाहिला (२०१७ साली छापला), तेव्हा पुढच्या महिन्यात टिकणाऱ्यांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलं. दोन्हींत पैसा नव्हता.

पैशाचं उलट आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी २००० साली दाखवलं की फुकट केलेल्या कामाला थोडे पैसे लावले तर ते काही न देण्यापेक्षा कमी होतं. लेखामागे पन्नास रुपये ठेवून पाहा, दुसऱ्या दिवशी मंडळी "पन्नासच?" हा हिशेब करायला लागतील. खर्च मात्र जरूर भागवा: पन्हाळ्याला फोटो काढायला गेलेल्याचं पेट्रोल, झेरॉक्स, महिन्याचा डेटा. खर्च भरून देणं वेगळं आणि कामाची किंमत ठरवणं वेगळं.

स्पर्धा जपून घ्या. सगळ्यात जास्त संपादनांना बक्षीस ठेवलं की एकेक स्वल्पविराम स्वतंत्र संपादन होऊन येतो, आणि बक्षीस समारंभानंतर विजेता पुन्हा दिसत नाही. घ्यायचीच तर निकष संदर्भांवर ठेवा, आणि बक्षीस एकट्याला न देता पेठेच्या संघाला द्या. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ म्हटलं की आपल्याकडे पुढचं काही सांगावं लागत नाही. फुटबॉलच्या मैदानातली भांडणं चर्चा पानावर येणार नाहीत एवढं बघा.

पूर आणि पुरानंतर

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाली की इशारा, ४३ झाली की धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखी वेळ आली की सगळं गाव मदतीला उतरतं. पाणी उतरलं की ऑनलाइन कामात उरतात ते मोजके. हे गृहीत धरून आखणी करा. पुराच्या काळात नव्याला अवघड काही शिकवू नका. कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, चिखली इथले कोणते रस्ते पाण्याखाली आहेत ही क्षणाक्षणाची बातमी नकाशात भरायची नसते, ती प्रशासनाकडून आणि ग्रुपवरून जाऊ द्या. नकाशात भरायचं ते टिकणारं: बोळ, पूल, शाळा, उंचावरची मंगल कार्यालयं. हे काम मे महिन्यात करा. पुरात आलेल्यांना पाणी उतरल्यापासून दहा दिवसांच्या आत हेच काम पुढचं म्हणून द्या, कारण त्यांना ते का लागतं हे नुकतंच डोळ्यांनी दिसलेलं असतं. गणपती बसले की ती मंडळी मंडळात गेली.

वर्षाचं गणितही मांडून ठेवा. गणपती, नवरात्र, दिवाळी, ग्रामीण भागात उसाची तोड, फुटबॉलचा हंगाम, मार्चच्या परीक्षा, चैत्रात जोतिबा. या काळात उद्दिष्ट अर्धं करा, कार्यशाळा ठेवू नका. गैरहजेरी आधीच धरलेली असली की ती कोणाला अपराधासारखी बोचत नाही.

जुनी माणसं

जो सगळं करतो तो एक दिवस अचानक जातो, आणि जाताना चाव्या घेऊन जातो. ग्रुप, ईमेल, कामाची यादी, सगळीकडे किमान दोन जण प्रमुख ठेवा. जुन्याने सलग नऊ महिने नव्यांना सांभाळलं की त्याला त्या कामातून काढा आणि त्याचं आवडतं लेखन करू द्या. दोन-तीन महिन्यांची रजा घेता येते हे उघड सांगून ठेवा, आणि रजेवरच्या माणसाला कामाचा एकही निरोप पाठवू नका. कट्ट्यावर तो असेलच.

वही

कागदी वही चालते, गूगल शीटही चालेल. रकाने सहा: नाव, कशासाठी आला, सांभाळणारा कोण, पहिल्या कामाची तारीख, शेवटच्या कामाची तारीख, पुढचं काम. एकूण संपादनांचा आकडा यात घेऊ नका. तो सगळ्यात जास्त करणाऱ्या दोघांमुळे फुगतो आणि बाकीचे गळताना दिसत नाहीत. महिन्यातून एकदा मोजायचं ते एवढंच: गेल्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात किती जणांनी काही केलं.

दर रविवारी संध्याकाळी वही उघडून शेवटचा रकाना वरून खाली बघा. जिथे पुढचं काम लिहिलेलं नाही, तिथे एक काम लिहा आणि त्या माणसाला त्याच रात्री फोन करा.